ओपिऑइड व्यसन आणि सार्वजनिक आरोग्य (बेळगाव सीमाभाग)

अफू आणि अफूसारखा परिणाम करणाऱ्या औषधांना मिळून ओपिऑइड म्हणतात. हेरॉइन (बोलीत गर्द, ब्राउन शुगर), मॉर्फिन, खोकल्याच्या औषधातले कोडीन, दुखण्यावरचे ट्रॅमाडॉल ही सगळी एकाच कुळातली. अमेरिकेतली ओपिऑइड व्यसनाची साथ १९९० च्या दशकात डॉक्टरांनी सढळ हाताने दिलेल्या गोळ्यांपासून सुरू झाली आणि पुढे हेरॉइन व फेंटानिल या फार जोरकस कृत्रिम ओपिऑइडपर्यंत गेली. २०१७ मध्ये तिथे आरोग्य आणीबाणी जाहीर झाली. भारतात ‘एम्स’च्या २०१९ च्या अहवालानुसार सुमारे ७७ लाख लोकांना ओपिऑइडच्या त्रासासाठी मदतीची गरज होती.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात व्यसनमुक्ती म्हटले की दारू आणि तंबाखूच डोळ्यांपुढे येतात. निपाणी तर तंबाखूचीच पेठ. माळ घातली आणि दारू सुटली, अशी माणसे इथल्या गावोगावी भेटतात. गर्द किंवा गोळ्यांचे तसे नाही. हेरॉइनचा शेवटचा डोस उतरला की दिवसभरात नाक-डोळे वाहू लागतात, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा फुलतो, हाडे ठणकतात, जुलाब होतात. घरच्यांना वाटते, ताप भरलाय. एवढे सोसून महिनाभर कोरडा राहिलेला माणूस पुन्हा घसरला तर जुनाच डोस घेतो. शरीराची सवय मात्र तोवर मोडलेली असते. श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात. म्हणजे ‘सुटली’ म्हणून पेढे वाटायचे दिवसच सर्वांत धोक्याचे.

म्हणून सार्वजनिक आरोग्याची वाट शपथेपेक्षा औषधाची आहे. बुप्रेनॉर्फिन हे स्वतःही ओपिऑइडच असलेले औषध; त्याची गोळी उपचार केंद्रात जिभेखाली ठेवायची आणि ती विरघळेपर्यंत परिचारिकेसमोर बसायचे. हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. ‘एक नशा सोडून दुसरी लावली’ हा टोमणा घरातूनच येतो, पण ही गोळी तलफ आवरते आणि माणूस कामावर जाऊ शकतो. जास्त डोसमुळे श्वास अडखळला तर नालोक्सोन हे उतारा-औषध वेळेत दिल्यास जीव वाचतो.

दुसरी आघाडी मेडिकल दुकानाची. ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारखी औषधे २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ या, चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे जपायची असते. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थ कायद्याखालीही आले. सीमाभागाची गोम अशी की कोल्हापूरच्या डॉक्टरची चिठ्ठी निपाणीत चालते, पण औषध निरीक्षकाचा अधिकार राज्याच्या हद्दीपाशी थांबतो. दोन्हीकडच्या वह्या एकमेकींशी ताडून पाहिल्याशिवाय एकच चिठ्ठी किती ठिकाणी फिरली ते कळणार कसे?

उपचारासाठी बेळगावचे ‘बिम्स’ जिल्हा रुग्णालय आणि धारवाडची ‘डिम्हान्स’ ही मानसिक आरोग्य संस्था ही मोठी सरकारी ठिकाणे आहेत. १४४१६ या ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर भाषा निवडून बोलता येते, तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. फॉर्म कन्नडमध्ये भरता येतो, पण तलफेबद्दल माणूस आपल्याच भाषेत बोलतो. मराठी जाणणारा समुपदेशक ही इथे चैन नव्हे.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील कलम ६४-अ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी व्यक्तीने आपणहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतल्यास खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार पुरे केले नाहीत तर ते काढून घेता येते. हे कलम थोड्यांनाच ठाऊक असते. पोलिसांची धास्ती आणि गल्लीत बभ्रा होण्याची भीती यांमुळे घरचे पोराला गुपचूप मिरजेला किंवा कोल्हापूरला नेतात. पहिला आठवडा निभावतो. मग रोजच्या गोळीसाठी रोज एसटी कोण पकडणार, म्हणून उपचार तिथेच तुटतो.