पाळीव पोपटांचा हंगामी चावरेपणा

हंगामी चावरेपणा म्हणजे वयात आलेल्या पाळीव पोपटाचे विणीच्या दिवसांत वाढणारे आक्रमक वागणे. एरवी मान वाकवून डोके खाजवून घेणारा पक्षी या काळात पिंजऱ्याजवळ हात नेताच झडप घालतो आणि रक्त येईल इतका कडकडून चावतो. कॉकाटील हा छोटा पोपट साधारण वर्षभरात वयात येतो, कोन्यूर जातीच्या पोपटाला दोन-तीन वर्षे, तर आफ्रिकन ग्रे आणि ॲमेझॉन पोपटाला ४ ते ६ वर्षे लागतात. इतकी वर्षे माणसाळलेला पक्षी एकाएकी उलटला की पाळणाऱ्याच्या जिवाला फार लागते. अनेक पोपट नेमके याच वयात दुसऱ्याला देऊन टाकले जातात, हे दुःखद आहे, कारण हा काळ बहुधा काही आठवड्यांत ओसरतो.

याचे मूळ प्रकाशात आहे. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. दिवस मोठा होऊ लागला की त्यांच्या इशाऱ्याने संप्रेरके स्रवतात आणि एरवी आक्रसलेली जननेंद्रिये वाढतात. त्याला मुबलक अन्न, घरट्याची जागा आणि जोडीदार यांची साथ लागते. रानात हे सारे ठरावीक काळातच जुळून येते; आपल्याकडचा राघू हिवाळा सरता सरता ढोली शोधू लागतो. (राघू वा करण पोपट असे देशी पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. घरोघरी दिसणारे कॉकाटील, कोन्यूर वगैरे पक्षी परदेशी जातींचे असतात.) घरात मात्र रात्री अकरापर्यंत दिवे जळतात, वाटीत रोज मऊ गरम भात पडतो, कपाटामागची फट ढोलीसारखी भासते आणि पाठीवरून हात फिरवणारा माणूस जोडीदार ठरतो. विणीची वेळ झाली, असे घरच पक्ष्याला सांगत असते. म्हणून उपायही घरापासूनच सुरू करावा लागतो.

पहिला उपाय झोपेचा. संध्याकाळी लवकर पिंजरा शांत खोलीत नेऊन १० ते १२ तास सलग अंधार द्यावा. खोकी, कापडी झोपड्या, सोफ्याखालचे कोपरे बंद करावेत. मऊ, गरम आणि तेलकट खाणे कमी करावे. कुरवाळणे डोके आणि मानेपुरतेच ठेवावे. पाठ, पंखांखालचा भाग आणि शेपटीचे मूळ यांना हात लावला की पक्षी उत्तेजित होतो.

चावण्याआधी पोपट बहुतेक वेळा सूचना देतो. बुबुळे झपाझप लहानमोठी होतात, शेपटी पंख्यासारखी पसरते, मानेवरची पिसे उभी राहतात. ॲमेझॉन नरांत हे फार ठळक दिसते. पिवळ्या मानेचा, पिवळ्या डोक्याचा आणि निळ्या कपाळाचा ॲमेझॉन या बाबतीत प्रसिद्ध आहेत. अशा वेळी हात मागे घेणे हाच शहाणपणा. हंगामात खांद्यावर बसवू नये, कारण तिथून चेहरा आणि डोळे चोचीच्या टप्प्यात येतात. पिंजऱ्यात हात घालण्याऐवजी पक्ष्याला सुट्या दांडीवर चढवून बाहेर आणावे. ही सवय हंगामाआधीच लावलेली बरी. साफसफाई तो बाहेर असताना उरकावी. कुरतडायला लाकूड, शोधून खायला दडवलेले दाणे दिले की त्याची ऊर्जा तिकडे वळते.

चावल्यावर ओरडणे, चोचीवर टिचकी मारणे, हात झटकणे यांनी भीती वाढते आणि चावे अधिक खोल होतात. चोच कापणे तर निव्वळ क्रूरता आहे.

प्रत्येक चावा हंगामी नसतो. नवी पिसे फुटताना त्वचा दुखरी असते, आणि आजारी पक्षीही चिडतो. मादी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसली, जोर देत असली आणि अंडे बाहेर येत नसले, तर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे तातडीने न्यावे. वाट पाहण्यात तिचा जीव जाऊ शकतो. वारंवार अंडी घालणाऱ्या मादीच्या शरीरातले कॅल्शियम घटते. तिला डॉक्टर संप्रेरके दाबणारे ल्यूप्रोलाइडचे इंजेक्शन किंवा डेस्लोरेलिनची त्वचेखाली बसवायची गोळी सुचवू शकतात, तीही प्रकाश आणि आहार सुधारल्यावर.

माणसाला झालेली जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवावी. ती खोल असल्यास डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या लशीबद्दल विचारावे. रेबीज हा सस्तन प्राण्यांकडून होणारा रोग असल्याने पोपटाच्या चाव्यावर त्याची लस लागत नाही.