इंटरॅक्टिव्ह वेब-आलेख आणि नकाशे

सांख्यिकी प्रणालीत केलेल्या विश्लेषणाचे आलेख व नकाशे वाचकाला ब्राउझरमध्ये स्वतः हाताळता येतील अशा रूपात तयार करण्याची पद्धत. छापील नकाशात जे काढले तेवढेच दिसते. इंटरॅक्टिव्ह नकाशात तालुक्यावर बोट टेकवले की त्याचा आकडा समोर येतो, नकाशा जवळ-दूर नेता येतो, वर्ष बदलता येते, नको असलेली रेषा झाकता येते. आर आणि पायथन या संगणकीय भाषांमध्ये यासाठी मोफत पॅकेजे (तयार आज्ञांचे संच) आहेत. स्टाटा, सॅस किंवा एसपीएसएस या सांख्यिकी प्रणाली वापरणाऱ्यांनाही आपले तक्ते बाहेर काढून हीच वाट धरता येते.

कोकणासाठी या पद्धतीचे मोल अधिक आहे, कारण येथे जिल्ह्याची सरासरी फार थोडे सांगते. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर त्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वेंगुर्ल्यात त्याच्या निम्म्याहून कमी. दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेत अंतर जेमतेम ४० किलोमीटर. खलाटी (किनाऱ्यालगतचा सखल भाग) आणि वलाटी (डोंगराकडचा उंच भाग) यांतला फरक जिल्ह्याच्या एका आकड्यात बुडून जातो. वाचकाला आपल्या तालुक्यापर्यंत, जमल्यास आपल्या गावापर्यंत उतरता आले, तर तो आकडा त्याच्या उपयोगाचा होतो.

घडण

या कामाचे दोन भाग पडतात. आकडेमोड सांख्यिकी प्रणालीत होते आणि चित्र वाचकाच्या ब्राउझरमध्ये उमटते. मधला दुवा म्हणजे जेसन नावाची साध्या मजकुराची मांडणी. आरमध्ये चार-सहा ओळी लिहिल्या की पॅकेज तक्त्याचे जेसन करते, त्याला ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेची लायब्ररी (तयार कोडचा संच) जोडते आणि सगळे मिळून एक एचटीएमएल फाइल, म्हणजे वेबपान, देते. विश्लेषकाला जावास्क्रिप्ट येण्याची गरज उरत नाही. आरमधील ‘एचटीएमएलविजेट्स’ ही चौकट नेमके हेच करते. नकाशांसाठी लीफलेट आणि आलेखांसाठी प्लॉटली या लायब्रऱ्या तिच्यामार्फत आरशी जोडल्या गेल्या आहेत. पायथनमध्ये फोलियम, बोके आणि अल्टेअर अशाच उपयोगाची आहेत.

अशी फाइल एकदा तयार झाली की मागे आर चालू असावे लागत नाही. आरमधून वेब-अॅप बनवणाऱ्या शायनी या पॅकेजचे तसे नाही. तेथे वाचकाने पर्याय निवडला की सर्व्हरवरचे आर पुन्हा गणित करून नवे चित्र पाठवते. वाचकाने दिलेल्या अटींवर नवे सांख्यिकी प्रतिमान (मॉडेल) बसवायचे असेल तर शायनी उपयोगी पडते. पण तालुकावार तक्ता दाखवण्यासाठी सर्व्हर उभा करणे हा खर्च आणि देखभाल यांचा विनाकारण भार आहे. अनुदान संपले की असा सर्व्हर बंद पडतो आणि नकाशाही जातो.

आर ही भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडवली. तिची १.० आवृत्ती २००० साली आली. हलत्या आलेखांची ओढ जगभर लागली ती स्वीडनचे आरोग्यतज्ज्ञ हान्स रोसलिंग यांच्या २००६ मधील व्याख्यानाने. त्यामागची ट्रेंडअॅनलायझर प्रणाली गूगलने २००७ मध्ये घेतली आणि पुढे ‘गूगलविस’ पॅकेजमुळे तसे आलेख आरमधून थेट काढता येऊ लागले. ते हलते आलेख फ्लॅश या ब्राउझरला जोडाव्या लागणाऱ्या प्रणालीवर चालत. २०२० च्या अखेरीस फ्लॅशच बंद झाले, तसे तेही दिसेनासे झाले. दरम्यान २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून डी-थ्री ही आलेखांची जावास्क्रिप्ट लायब्ररी आली, त्याच वर्षी व्होलोदिमिर अगाफोन्किन यांनी लीफलेट खुले केले, २०१२ मध्ये शायनी आले आणि २०१५ मध्ये प्लॉटलीची जावास्क्रिप्ट लायब्ररी खुली झाली. आजचे बहुतेक काम यांच्यावरच उभे आहे.

नकाशातले बारकावे

वेब-नकाशाची पार्श्वभूमी म्हणजे २५६ पिक्सेल बाजूच्या चौरस चित्रांची फरसबंदी. झूम एका पायरीने वाढवला की चौरसांची संख्या चौपट होते. दहाव्या पायरीला साऱ्या जगासाठी १०,४८,५७६ चौरस लागतात. ब्राउझर पडद्यावर दिसणारे तेवढेच मागवतो, म्हणून नकाशा झटपट हलतो. त्यावर विश्लेषकाचे थर बसतात: तालुक्यांच्या सीमा, पर्जन्यमापक केंद्रांची वर्तुळे, बंदरांच्या खुणा.

सीमांची फाइल अनेकदा मीटरमधल्या निर्देशांकांत असते. यूटीएम या मीटरमधल्या निर्देशांक-पद्धतीत कोकणची पट्टी ४३ उत्तर या विभागात येते. वेबवर चढवण्यापूर्वी हे निर्देशांक अक्षांश-रेखांशात बदलून घ्यावे लागतात. आणखी एक जागा नवख्यांना हमखास फसवते. नकाशाच्या सीमा ज्या जिओजेसन मांडणीत जातात तिच्यात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर असतो, तर लीफलेटच्या स्वतःच्या आज्ञांत हा क्रम उलटा आहे. रत्नागिरी शहर साधारण १७ अंश उत्तर, ७३.३ अंश पूर्व येथे आहे. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की रत्नागिरीची खूण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. प्रणाली तक्रार करत नाही, कारण तिच्या दृष्टीने दोन्ही जागा पृथ्वीवरच आहेत.

कोकणचा किनारा काढताना खरी कसोटी लागते ती सीमा हलक्या करताना. सर्वेक्षणातून आलेल्या रेषेत बिंदू इतके असतात की फाइल फोनवर उघडायला वेळ लागतो, म्हणून बिंदू गाळावे लागतात. त्यासाठी १९७३ सालची डग्लस-पॉइकर रीत अजूनही सर्रास वापरली जाते. विदर्भातल्या तालुक्याला ती फारशी दुखावत नाही. इथे मात्र बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, तेरेखोल अशा खाड्या किनाऱ्याला आतपर्यंत चिरत गेलेल्या आहेत. गाळणी जरा जास्त झाली की अरुंद खाडी बुजते, तिच्या दोन काठांवरची गावे एकमेकांना चिकटतात, आणि मालवणसमोरच्या कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग किल्ला नकाशावरून नाहीसाच होतो. बाणकोटची खाडी तर रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांची हद्द आहे. प्रत्येक तालुका वेगवेगळा गाळला तर शेजारच्या तालुक्यांच्या सामाईक रेषा जुळत नाहीत आणि मध्ये फटी पडतात. म्हणून सामाईक सीमा एकदाच गाळणारे साधन घ्यावे. मॅपशेपर हे त्यातले चांगले आहे, आणि लहान बेटे राखून ठेवण्याचा पर्यायही त्यात आहे. तरी शेवटी नकाशा स्थानिक माणसाला दाखवावाच. खाडी कुठे हरवली हे त्याला पाहताक्षणी कळते.

आकडे आणि सीमा यांची जोडणी

तक्त्यातल्या ओळी नकाशातल्या आकारांना जोडायच्या तर दोन्हीकडे एक सामाईक खूण लागते. नावांवर भिस्त ठेवली की घात होतो. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत आपल्या रायगडचे स्पेलिंग ‘रायगढ’ असे आहे आणि छत्तीसगडमध्येही त्याच स्पेलिंगचा जिल्हा आहे. राज्याचे नाव न तपासता जोडणी केली तर अलिबागच्या जिल्ह्याला छत्तीसगडचा आकडा लागतो. नकाशा सुंदर रंगतो आणि चूक कुणाच्या ध्यानातही येत नाही. रत्नागिरी हे जिल्ह्याचे, तालुक्याचे आणि शहराचेही नाव आहे. म्हणून जनगणनेचे किंवा स्थानिक शासन निर्देशिकेचे संकेतांक वापरावेत.

हद्दी बदलतात हेही लक्षात ठेवावे लागते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून. २०११ चे आकडे आजच्या हद्दींवर टाकले तर पालघर कोरा राहतो आणि ठाणे आहे त्यापेक्षा मोठे वाटते. यावर प्रामाणिक उपाय एकच, तालुक्यांचे आकडे घेऊन नव्या हद्दींप्रमाणे पुन्हा बेरीज करणे.

एक उदाहरण

समजा कोकणातल्या जिल्ह्यांची २०११ ची लोकसंख्या नुसतीच रंगवली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात १,१०,६०,१४८ माणसे, सिंधुदुर्गात ८,४९,६५१. ठाणे गडद, दक्षिण कोकण फिकट, आणि नकाशातून काहीच कळत नाही. रंग भरायचा तो प्रमाणाला. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती हे घेतले की चित्र पालटते: मुंबई शहर ८३२, मुंबई उपनगर ८६०, ठाणे ८८६, रायगड ९५९, सिंधुदुर्ग १,०३६, रत्नागिरी १,१२२. येथे हजार हा मध्य धरून दोन बाजूंना दोन वेगळे रंग द्यावेत. किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरताना हजाराची रेषा कुठे ओलांडली जाते ते मग आपोआप दिसते.

रत्नागिरीवर बोट टेकवल्यावर उघडणाऱ्या चौकटीत नुसते ‘१,१२२’ लिहिणे अपुरे आहे. तेथे असावे: पुरुष ७,६१,१२१; स्त्रिया ८,५३,९४८; एकूण १६,१५,०६९; २००१ मध्ये १६,९६,७७७. आता वाचकाला दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत घटली आहे आणि कमावते पुरुष घराबाहेर आहेत. चाकरमान्यांच्या घरात हे कुणाला सांगावे लागत नाही. मुंबईच्या ८३२ मध्ये मात्र देशभरातून आलेले पुरुष आहेत, तेव्हा दोन आकड्यांची थेट गाठ मारू नये. क्रॉसटॉक पॅकेजने नकाशा आणि शेजारचा आलेख जोडला, तर नकाशावर निवडलेला जिल्हा आलेखातही उजळतो आणि तुलना वाचक स्वतःच करतो.

पावसाच्या आलेखात वेळेचा खुलासा हवाच. भारतीय हवामान विभागाची दिवसाची नोंद सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांची असते, म्हणजे २२ जुलै २०२१ ची नोंद ही २१ च्या सकाळपासूनचा पाऊस. चिपळुणात वाशिष्ठीचा पूर आला तो २२ जुलैलाच. चौकटीत हे लिहिले नाही तर पूर आणि पाऊस यांचा क्रम वाचणारा चुकीचा लावतो. विभागाच्या वर्गीकरणात ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. रंगांच्या पायऱ्या याच ठेवाव्यात, प्रणालीने सुचवलेल्या नकोत. आणि एका केंद्राच्या आकड्याने सबंध तालुका रंगवण्यापेक्षा केंद्राच्या जागी वर्तुळ काढणे खरे. घाटमाथ्याचा पाऊस किनाऱ्यावर ओतण्याचा अधिकार नकाशा काढणाऱ्याला नाही.

वाचक प्रत्येक ठिकाणी बोट टेकवत बसत नाही, हे विसरून अनेक चांगले आलेख वाया जातात. मासेमारीच्या मासिक आलेखात जून-जुलैत रेषा खाली कोसळते, ती १ जून ते ३१ जुलै या यांत्रिक नौकांच्या बंदीमुळे. मालवणच्या माणसाला हे ठाऊक आहे, नागपूरच्या वाचकाला असेलच असे नाही. अशी टीप चौकटीत लपवू नये, आलेखावर उघड लिहावी.

मराठी मजकूर

देवनागरीच्या बाबतीत वेब-आलेखांनी मोठी सोय केली. आरमधून साधी पीडीएफ काढताना जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या भलत्या जागी जातात. ब्राउझरमध्ये अक्षरे जुळवण्याचे काम ब्राउझरच करतो, त्यामुळे ‘संगमेश्वर’ आणि ‘वैभववाडी’ नीट उमटतात. विंडोजवर आर ४.२ (२०२२) पासून यूटीएफ-८ या युनिकोड अक्षर-संकेतनाची अडचणही बरीच सुटली. तक्त्यात मात्र आकडे देवनागरीत असतील तर आर त्यांना संख्या मानत नाही. ते आधी बदलून घ्यावे लागतात. दाखवताना ब्राउझरला मराठी भारत ही भाषानिवड दिली की तोच लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह देवनागरी अंक लिहितो. कचेऱ्यांतल्या जुन्या फाइली युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतात. त्या रूपांतर केल्याशिवाय हाताळता येत नाहीत.

प्रसिद्धी

पार्श्वभूमी ओपनस्ट्रीटमॅपची असेल तर श्रेयाची ओळ नकाशावर ठेवणे बंधनकारक आहे. कोकणचा नकाशाही बोटांनी दूर नेला की साऱ्या भारताचा होतो, आणि परदेशी पार्श्वभूमीवरच्या आंतरराष्ट्रीय सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळतीलच असे नाही. त्यांच्याशी विसंगत भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा कायद्याने गुन्हा आहे. लीफलेटमध्ये झूमची खालची मर्यादा आणि हलवण्याची हद्द बांधून टाकता येते, ती बांधावी. त्याहून सोपे म्हणजे पार्श्वभूमी काढूनच टाकणे. जिल्हे, तालुके, खाड्या आणि नद्या एवढ्यावर कोकण पुरते ओळखू येते. लायब्ररीही त्याच फाइलमध्ये सामावली की ती व्हॉट्सअॅपवरून पाठवता येते आणि रेंज नसलेल्या वाडीतही उघडते.