पेलेचा शाप प्राचीन नव्हे
हवाईवरच्या साहसी बालकथांत एक प्रसंग वारंवार भेटतो: मूल लाव्ह्याचा दगड खिशात घालते आणि ज्वालामुखीची देवी पेले हिचा शाप घरादाराच्या मागे लागतो. हा शाप प्राचीन हवाईयन श्रद्धा म्हणून सांगितला जात असला, तरी जुन्या परंपरेत त्याला आधार सापडत नाही; तो विसाव्या शतकात पर्यटनाबरोबर पसरला, असे मानले जाते. तरीही धास्तावलेले पर्यटक किलाउएआ ज्वालामुखीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे दगड टपालाने परत पाठवतात. (तिथून दगड उचलणे गुन्हाच आहे, पण तो कायद्याने.) ओहेलो या झुडपाची फळे स्वतः खाण्याआधी पेलेला अर्पण करण्याची जुनी रीत कथेसाठी अधिक सकस वाटते, कारण काही हवाईयन कुटुंबे पेलेला आपली पूर्वज मानतात.