सेलूला सोयरीक निघते तेव्हा

तपोवन एक्स्प्रेसमध्ये जालन्याला शेजारी येऊन बसलेला माणूस परतूर येईस्तोवर कर्जाचा आकडा सांगून मोकळा होतो. भावासोबतची बांधावरून चाललेली कोर्टकचेरी, पोरीचं मोडलेलं लग्न, सगळं. घरी बायकोलाही तो आकडा पूर्ण ठाऊक नसतो. मग ऐकणारा विचारतो, "पाव्हणं, गाव कोणतं तुमचं?" गाव निघतं, आडनाव निघतं, आणि ऐकणाऱ्याची आत्या सेलूला याच्याच भावकीत दिलेली निघते. तिथून परभणीपर्यंत फक्त सोयाबीनचा भाव.

जवळच्यांपासून लपवलेलं माणूस परक्यापुढे कबुलीजबाब दिल्यासारखं बोलून टाकतो, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०८ मध्येच लिहून ठेवलं. परका आपल्या गोतावळ्यात अडकलेला नसतो. आपल्याकडे अडचण एवढीच की परका फार वेळ परका राहत नाही; दोन प्रश्नांत सोयरीक जुळते आणि बोललेलं गावात पोचायची वाट तयार होते. माझ्या मते किती उघडं व्हायचं हे ठरवताना आपण जिव्हाळ्याइतकाच या वाटेचाही अंदाज घेत असतो.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मारिओ स्मॉल यांच्या २०१३ च्या अभ्यासात लोक महत्त्वाच्या गोष्टी ज्यांच्याशी बोलतात, त्यांतली ४५ टक्के माणसं त्यांच्या लेखी जवळची नव्हती. मनातलं सांगायला जवळचंच माणूस लागतं, हा समज तिथे बराच ढिला पडतो. जवळच्याला सांगण्याची किंमत मोठी असते: तो काळजी करणार, चिडणार, चार लोकांना विचारणार.

पण परक्यासमोरही मर्यादा असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ झिक रुबिन यांनी बोस्टनच्या विमानतळावर प्रवाशांना स्वतःबद्दल चार ओळी लिहायला सांगितल्या, आधी संशोधकाने स्वतःच्या लिहून दाखवल्या. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात समोरचा थोडा उघडा झाला की प्रवासीही उघडे होत. मात्र त्याने खास त्यांच्यासाठी म्हणून फारच खासगी लिहिलं, की ते हात आखडता घेत. एवढ्या लवकर एवढं सांगणाऱ्याचा हेतू काय, ही शंका डोकं वर काढत असावी. एसटीत पहिल्याच थांब्याला पूर्ण आयुष्य ऐकवणाऱ्याकडे आपण ज्या नजरेनं बघतो, तीच ही.

आणि ज्याला कुणालाच सांगायचं नाही त्याचं काय? लातूरच्या कोचिंगला हिंगोलीहून आलेलं लेकरू रोज रात्री फोनवर आईला "बरं चाललंय" एवढंच सांगतं. टेस्टमधले मार्क आणि फीसाठी विकलेली म्हैस दोन्ही त्याच्या डोक्यात असतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहायला लावलं. घटना आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. पुढे २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा परिणाम खरा पण लहान निघाला. चार खाटांच्या होस्टेलच्या खोलीत वही लपवायची कुठे, हा प्रश्न अर्थातच त्या हिशेबात नव्हता. लिहून झाल्यावर कागद फाडून टाकला तरी चालतो. मात्र मूळ प्रयोगातल्या विद्यार्थ्यांना लिहून उठल्यावर त्या दिवशी उलट जास्तच जड वाटलं होतं.