पाहिलं किती, शिकलं किती?

मार्च २०१४. अटलांटा शहरात ‘लर्निंग अ‍ॅट स्केल’ ही परिषद पहिल्यांदाच भरली होती. एकाच वेळी हजारो-लाखो लोक ऑनलाइन शिकतात तेव्हा नेमकं काय घडतं, याचा अभ्यास करणाऱ्यांची ही परिषद. तिथे फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एक शोधनिबंध सादर केला. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांतले व्हिडिओ विद्यार्थ्यांनी कसे पाहिले, याच्या ६९ लाख नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. व्हिडिओ कितीही लांबीचा असो, किमान निम्म्या वेळा तो सहा मिनिटांच्या आतच सोडून दिला जातो, असं त्यांना दिसलं.

हा सहाचा आकडा पुढे फार पसरला. ऑनलाइन धडे तयार करणाऱ्यांच्या बोलण्यात तो हमखास येतो, आणि पुष्कळदा ‘माणसाचं लक्ष सहा मिनिटंच टिकतं’ अशा रूपात येतो. मूळ निबंधात असं काही म्हटलेलं नाही.

त्या नोंदी म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. प्रत्येक ओळीत विद्यार्थ्याचा क्रमांक, व्हिडिओचा क्रमांक, वेळ, आणि त्याने केलेली कृती: चालू केला, थांबवला, मागे नेला, बंद केला. बस, इतकंच. व्हिडिओ चालू ठेवून कुणी दुसऱ्या खोलीत गेलं, तरी ते ‘पाहणं’च धरलं जातं. उलट चौथ्या मिनिटाला एखादीला मुद्दा कळला, तिने व्हिडिओ बंद केला आणि वही ओढून गणित सोडवायला घेतलं, तर नोंदीत ती अर्ध्यावर सोडून गेलेली विद्यार्थिनी ठरते. ही मर्यादा लेखकांनी स्वतःच निबंधात लिहून ठेवली आहे. आकडा जगभर फिरला, मर्यादा मात्र निबंधातच राहिली. मला याची खरोखर खंत वाटते, कारण शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या संशोधनाचा सगळा कस याच ठिकाणी लागतो: मोजता येतं ते एक, आणि जाणून घ्यायचं असतं ते दुसरंच.

पुढच्याच वर्षी याच परिषदेत, व्हँकुव्हरला, केनेथ कोडिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न बदलून पाहिला. कोण किती वेळ बसलं हे न विचारता त्यांनी विचारलं, की परीक्षेत कुणाला जास्त आलं? मानसशास्त्राच्या एका खुल्या अभ्यासक्रमात काही जण व्हिडिओ जास्त पाहत होते, काही मजकूर जास्त वाचत होते, आणि काही सोबतचे सराव प्रश्न जास्त सोडवत होते. जादा सोडवण्याचा शिकण्याशी दिसलेला संबंध जादा पाहण्याच्या किंवा वाचण्याच्या तुलनेत सहापटीहून जास्त होता. अर्थात, मुळात हुशार किंवा मेहनती मुलंच प्रश्न जास्त सोडवत असतील, ही शंका इथे रास्त आहे. म्हणून लेखकांनी विद्यार्थ्यांची आधीची तयारीही हिशेबात घेतली होती.

अशा परिषदांत निबंध सहजासहजी घेतला जात नाही. विषय जाणणारे परीक्षक तो आधी वाचतात, आणि अनेक परिषदांत त्यांना लेखकांची नावंही कळू देत नाहीत. सादरीकरणानंतर सभागृहातून प्रश्न येतात. त्यांतला सर्वांत जुना प्रश्न म्हणजे ‘कशाच्या तुलनेत?’ १९८३ मध्ये शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी त्याला धारदार रूप दिलं. किराणा घेऊन येणाऱ्या ट्रकमुळे आपलं पोषण बदलत नाही, तसंच माध्यमामुळे, म्हणजे पुस्तक, टीव्ही किंवा संगणक यांमुळे, शिकणं बदलत नाही. बदल घडतो तो शिकवण्याच्या पद्धतीमुळे, असं त्यांचं म्हणणं. रॉबर्ट कोझ्मा यांनी त्याचा प्रतिवाद केला: काही माध्यमं अशा गोष्टी करू देतात ज्या दुसऱ्या माध्यमात जमतच नाहीत. हा वाद आजही मिटलेला नाही. मला विचाराल तर मी क्लार्कच्या बाजूला झुकतो, आणि त्याचं एक कारण पेरू देशातला प्रयोग आहे. तिथे ३१८ ग्रामीण प्राथमिक शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वाटून त्यांतल्या काहींना मुलांसाठी लॅपटॉप दिले गेले. दर मुलामागे संगणकांचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलं. सुमारे १५ महिन्यांनी चाचण्या घेतल्या, तर गणितात आणि भाषेत दोन्ही गटांत फरक सापडला नाही. ट्रक दारात आला होता, पण वर्गातली शिकवण्याची पद्धत फारशी बदललीच नव्हती.

दुसरा प्रश्न: ‘किती दिवसांनी तपासलं?’ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर पारडं फिरलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६. धडा संपल्या संपल्या चाचणी घेणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपचा निकाल वाचताना हे चार आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत.

तिसरा प्रश्न विचारायला सगळ्यांत अवघड, कारण त्याला वर्षं लागतात: ‘पुन्हा केलं तर तेच येईल का?’ २०१७ मध्ये ‘लर्निंग अ‍ॅनालिटिक्स अँड नॉलेज’ परिषदेत एक सुखद निकाल मांडला गेला. अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला विद्यार्थ्याला ‘तुम्ही अभ्यास कधी आणि कसा करणार, ते लिहा’ एवढंच सांगितलं, तर पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २९ टक्क्यांनी वाढतं. फुकटातला आणि दोन मिनिटांत होणारा उपाय! मग रेने किझिल्सेक आणि सहकाऱ्यांनी तो, अशाच आणखी काही उपायांसोबत, सुमारे २५० अभ्यासक्रमांत, अडीच लाख विद्यार्थ्यांवर, अडीच वर्षं तपासला. काय अपेक्षित आहे हे त्यांनी आधीच नोंदवून ठेवलं होतं, म्हणजे निकाल आल्यावर अर्थ वळवायला जागाच नाही. २०२० मध्ये निष्कर्ष छापून आला. नियोजन लिहून घेतल्याने पहिले काही आठवडे विद्यार्थी जास्त गुंतून राहतात, पण अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांच्या संख्येत फरक पडत नाही. कोणत्या विद्यार्थ्याला कोणता उपाय द्यावा, हे मशीन लर्निंगला (आधीच्या नोंदींवरून अंदाज बांधणाऱ्या संगणकीय पद्धतीला) ठरवायला लावूनही फारसं काही हाती लागलं नाही.

या दुसऱ्या निबंधाच्या लेखकांत, २९ टक्क्यांचा पहिला निकाल मांडणारे दोघेही होते.