बेने इस्रायल कीर्तन

बेने इस्रायल कीर्तन : कोकणातील व मुंबईतील बेने इस्रायल या मराठी भाषक ज्यू समाजाचा कीर्तनप्रकार. ज्यू धर्मग्रंथांतील चरित्रे व प्रसंग मराठीत, नारदीय कीर्तनाच्या पद्धतीने गाऊन सांगणे हे त्याचे स्वरूप. १८८० च्या सुमारास मुंबईत त्याची सुरुवात झाली. कीर्तनकार, श्रोते आणि भाषा तिन्ही मराठी. आख्यान मात्र अब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद किंवा एस्तेर यांचे.

पार्श्वभूमी : बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून कोकणात आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि ग्रंथ समुद्रात गेले, अशी ही कथा आहे. कथेतला इतिहास किती, हा प्रश्न वेगळा. पण ग्रंथ गेल्याची आठवण समाजाने जपली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे ही मंडळी तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडलेली आहेत. सुंता, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), खवले-पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शेमा’ ही एक हिब्रू प्रार्थना एवढे त्यांनी टिकवले होते. लग्न असो की मौत, शेमाच म्हटला जाई.

सणांचीही नावे मराठीच होती: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. पुरीमला, म्हणजे राणी एस्तेरने हामानाच्या कटातून ज्यूंना वाचवल्याच्या सणाला, तर होळीचा सण म्हणत, कारण तो फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपासच येतो. सण पाळला जात होता, पण राणी एस्तेर कोण आणि हामान कोण हे ठाऊक नव्हते. आचार राहिला होता आणि त्यामागची गोष्ट विसरली होती. कीर्तनाला पुढे जे काम मिळाले ते इथलेच.

गोष्ट परत आली ती अनेक वाटांनी. दावीद राहाबी नावाच्या प्रवाशाने या लोकांना ओळखून धर्म शिकवला, अशी परंपरा आहे. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर ऊर्फ सामाजी हसाजी यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) बांधले. नंतर कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी प्रार्थनांचे पाठ आणि चाली शिकवल्या. तिसरी वाट जरा गमतीची आहे. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी धर्मांतराच्या आशेने बेने इस्रायलांसाठी मराठी शाळा काढल्या, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले आणि बायबलचा जुना करार, म्हणजे मूळचा ज्यूंचाच धर्मग्रंथ, मराठीत आला. धर्मांतर फारच थोड्यांनी केले. बाकीच्यांना मात्र आपल्याच पूर्वजांची कथा मायबोलीत वाचायला मिळाली. पुढे समाजातच जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यासारखे हिब्रूचे विद्वान निघाले व त्यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. वल्हांडणाच्या (पासओव्हर सणाच्या) रात्री वाचायची हगादा ही पोथी १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू-मराठी अशी छापली गेली. तिच्यातील चित्रांत बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा सुरू केली.

कीर्तनच का : छापील पुस्तक वाचणाऱ्यापुरते असते. सिनेगॉगमधील प्रार्थना हिब्रूत चालत; त्या तोंडपाठ असल्या तरी अर्थ थोड्यांनाच कळे. गावोगावच्या बायकापोरांपर्यंत आणि म्हाताऱ्यांपर्यंत पोचेल असे साधन कोणते, याचे उत्तर १८८० मधल्या मुंबईकराला शोधत बसावे लागत नव्हते. देवळात, वाड्यात, चाळीत कीर्तने होत होती. ख्रिस्ती मिशनांनीही अहमदनगर भागात येशूचरित्राची कीर्तने सुरू केली होती. म्हणजे आख्यान बदलले तरी कीर्तन मोडत नाही, हे लोकांनी पाहिलेले होते. याच वर्षी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल रंगभूमीवर आले आणि नाट्यपदांच्या चाली घराघरांत शिरू लागल्या. बेने इस्रायल पदकारांना चालींचा तुटवडा पडण्याचे कारण नव्हते.

कीर्तन सिनेगॉगच्या उपासनेत कधी शिरले नाही. तेथील हिब्रू प्रार्थना जशाच्या तशा राहिल्या. शब्बाथला वाद्य वाजवण्याची मनाई असल्याने पेटी-तबल्याचा तिथे प्रश्नच नव्हता. या दोहोंची सरमिसळ झाली असे काही लेखक सैलपणे म्हणतात, ते बरोबर नाही. उपासना एका जागी आणि कथा दुसऱ्या जागी, ही वाटणी स्पष्ट होती.

रचना : मांडणी ओळखीचीच. नमनाचे पद, मग पूर्वरंगात एखाद्या तत्त्वाचे निरूपण आणि उत्तररंगात त्या तत्त्वाला धरून आख्यान. साथीला पेटी, तबला, झांजा. पद्यात साकी, दिंडी, आर्या, ओवी, अभंग, पद ही मराठी कीर्तनकाराची नेहमीची शिदोरी. नमन अर्थातच गणपती-शारदेला नाही, एकाच निराकार देवाला. मूर्तिपूजेचा निषेध हा ज्यू धर्माचा कणा असल्यामुळे सगुण रूपाची वर्णने गळाली. ‘प्रभू’, ‘दीनदयाळ’ असे संबोधनाचे शब्द मात्र मराठी भक्तिकाव्यातलेच होते, आणि ते चपखल बसले.

या प्रकारची खरी ताकद आख्यानात दिसते. योसेफाची कथा घ्या. बापाने लाडक्या मुलाला दिलेला अंगरखा, भावांचा मत्सर, कोरड्या विहिरीत ढकलणे, वीस रुप्यांना विक्री. मिसरदेशातला (इजिप्तमधला) तुरुंग, फारोच्या स्वप्नातल्या सात पुष्ट आणि सात रोडक्या गाई. दुष्काळात धान्य मागायला आलेले तेच भाऊ आणि शेवटी न आवरलेले रडू. मूळ ग्रंथात हे सारे थोडक्या, कोरड्या वाक्यांत येते. कीर्तनकाराला इथे रान मोकळे: रक्ताने माखलेला अंगरखा पाहून बापाने, याकोबाने, केलेला विलाप करुण पदात, प्रवास साकीत झपाट्याने, भावांचे संवाद गद्यात आणि तेही थेट कोकणी घरातल्या भाऊबंदकीच्या ढंगात. नाईल नदीत टोपलीतून सोडलेले बाळ म्हटल्यावर मराठी श्रोत्याला कर्ण आठवणारच, आणि ती आठवण मोशेच्या कथेला अडचण न होता मदतच होते. ऐकणाऱ्याला घटनांचा क्रम, माणसांची नाती आणि सणामागचे कारण एका बैठकीत समजते, आणि पद डोक्यात राहिल्यामुळे दुसऱ्या दिवशीही आठवते. पदसंग्रहही छापले गेले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून माहितीतल्या गाण्याचा मुखडा दिला की नोटेशनची गरज उरत नसे.

मलिदा : कीर्तनाहून जुनी आणि अजून सर्वत्र जिवंत असलेली प्रथा म्हणजे मलिदा. लग्न, नवस, नवे घर अशा प्रसंगी गोड पोहे, ओले खोबरे, सुकामेवा आणि फळे ताटात मांडून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची आठवण करतात आणि त्याचे हिब्रू स्तवन सगळे मिळून म्हणतात. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण आहे, अशी श्रद्धा आहे. मलिद्यात गाणे आहे पण कथन नाही; कथन ही कीर्तनाची बाजू.

स्थलांतरानंतर : १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यावर समाजातील बहुसंख्य लोक तेथे गेले व लोद, रामले, अश्दोद, बीरशेबा, दिमोना अशा शहरांत स्थायिक झाले. तेथे काही धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली. ऐंशी वर्षे अब्राहामाचे आख्यान लावलेल्या समाजाला अब्राहामाशी नाते सिद्ध करायला सांगण्यात आले. त्याविरुद्ध आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले.

पूर्ण कीर्तन आता क्वचित होते. सुटी पदे मात्र टिकली, आणि ती मुख्यतः बायकांनी टिकवली. जुन्या पुस्तकांतून आणि वह्यांत उतरवून ठेवलेली मराठी पदे या बायका मेळाव्यांत आणि घरगुती कार्यांत एकत्र म्हणतात. उद्देश मात्र उलटला आहे. कोकणात ही पदे मराठी माणसांना ज्यू इतिहास शिकवत होती. इस्रायलमध्ये तो इतिहास शाळेतच मिळतो. हिब्रू बोलणाऱ्या नातवंडांना ही पदे ऐकवतात ती आजीच्या भाषेची आणि तिच्या गावाची ओळख म्हणून. इस्रायलमधून निघालेले ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक आणि तेथे साजरा होणारा महाराष्ट्र दिन ही त्याच ओढीची रूपे. महाराष्ट्रात आता थोडकीच कुटुंबे राहिली आहेत. राज्य सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागला इस्रायल आळी हे नाव अजून आहे.