कडू सालीतली गोडी आणि भाकरीचं पचन

जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंबड, घनसावंगीच्या बागांतली ही मोसंबी उन्हाळ्यात मराठवाडाभर पिळली जाते आणि साली उकिरड्यावर जातात. त्या सालीच्या पांढऱ्या पापुद्र्यात हेस्पेरिडिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. त्याला चव अशी नाहीच. पण कडू संत्र्याच्या सालीत त्याचं सख्खं भावंड असतं, निओहेस्पेरिडिन, आणि ते जहाल कडू. दोन्हींत अणू तेच आणि तितकेच. ग्लुकोज आणि ऱ्हॅम्नोज या दोन शर्करा एकमेकींना कुठे जोडल्या आहेत, एवढाच फरक. सांधा एका जागी असला तर बेचव, दुसऱ्या जागी असला तर कडू.

हाच कडूपणा समजून घेताना, १९६३ च्या सुमारास, अमेरिकेच्या कृषी खात्यातले हॉरोविट्झ आणि जेंटिली यांना एक अजब गोष्ट सापडली. निओहेस्पेरिडिनवर अल्कलीची प्रक्रिया केली की त्याच्या रेणूतलं अणूंचं एक कडं उघडतं. मग त्याला हायड्रोजन जोडला की तेच कडू द्रव्य गोड होतं, आणि तेही असं की विरळ द्रावणात ते साखरेच्या सुमारे १५०० पट गोड लागतं. याचं नाव निओहेस्पेरिडिन डायहायड्रोचाल्कोन, थोडक्यात एनएचडीसी. ही गोडी जिभेवर जरा उशिरा येते आणि ज्येष्ठमधासारखी रेंगाळते. युरोपात ‘ई ९५९’ या क्रमांकाने ते शीतपेयांत, च्युइंगममध्ये आणि औषधांचा कडवटपणा झाकायला वापरतात.

आता भाकरीकडे येऊ. ज्वारीची भाकरी सावकाश चावली की गोडसर लागू लागते, कारण लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) ग्लुकोजच्या कड्यांनी बनलेल्या स्टार्चच्या लांब साखळ्या तोडू लागतं. जठरातल्या आम्लात ते थंडावतं. खरं काम पुढे लहान आतड्यात, स्वादुपिंडातून येणारं अमायलेज करतं. तरी त्याच्या हातून ग्लुकोज फारसं सुटत नाही. दोन-तीन कड्यांचे तुकडे उरतात आणि आतड्याच्या अस्तरावरची ग्लुकोसिडेज विकरं ते फोडतात. मधुमेहासाठी दिली जाणारी अकार्बोज आणि व्होग्लिबोज ही औषधं याच टप्प्यांवर अडसर घालतात. न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळतो, म्हणून या गोळ्यांनी पोटात वायू धरतो.

इराणी संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम इथे महत्त्वाचं ठरतं. त्यांनी परीक्षानळीत सस्तन प्राण्याच्या स्वादुपिंडातल्या अमायलेजमध्ये एनएचडीसी मिसळलं, तर विकराचं काम मंदावण्याऐवजी वाढलं. स्टार्च तुटतो ती विकराची खाच सोडून हा रेणू दुसऱ्याच जागी बसतो आणि विकराचा आकार किंचित बदलतो. कुलपाला हात न लावता बिजागरीला तेल दिल्यावर दार हलकं व्हावं, तसं काहीसं. जेवणातल्या मिठाचा क्लोराइडही अमायलेजला असाच बाजूच्या जागेवरून चालना देतो.

मला हे फार मोलाचं वाटतं. मोसंबी-संत्र्याच्या कुळातली कडं न उघडलेली, हेस्पेरिडिनसारखी कित्येक फ्लेवोनॉइड द्रव्यं परीक्षानळीत अमायलेजला रोखतात, आणि कडं उघडलेला हा त्यांचाच नातलग उलट दिशेने जातो. ‘शुगर फ्री’ म्हणजे रक्तातल्या साखरेशी काहीच संबंध नाही, असं धरून चालता येत नाही.

तरी घाबरून जायचं कारण नाही. शीतपेयात एनएचडीसीची युरोपातली मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. त्यातच स्वादुपिंडाचं अमायलेज गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाझरतं. रक्तात ग्लुकोज किती वेगाने चढेल, हे जठर किती वेगाने रिकामं होतं, धान्य कोणतं आणि ते कसं शिजवलंय यावर खूप अवलंबून असतं. ज्वारीच्या स्टार्चभोवती काफिरिन प्रथिनाचं वेष्टण असतं, म्हणून तो साबुदाण्याच्या मानाने सावकाश पचतो. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गोड गोळ्यांत बहुधा सुक्रालोज, अस्पार्टेम किंवा स्टेव्हिया असतं. त्यांना हा निष्कर्ष लावू नये. मोसंबीच्या फोडी खाणाऱ्यांनाही नाही, कारण एनएचडीसी कारखान्यात तयार होतं.

माणसाच्या पोटात काय घडतं याचा निकाल साध्या चाचणीने लागू शकतो. त्याच माणसांना एके दिवशी नुसती भाकरी द्यायची, दुसऱ्या दिवशी तीच भाकरी एनएचडीसी घातलेल्या पाण्यासोबत, आणि दोन्ही वेळी दोन तास दर अर्ध्या तासाने रक्तातलं ग्लुकोज मोजायचं.